जून मुळ्याचा मान

शिल्लकरावांनी साडूंची पिशवी दारातूनच परत केली, आणि परत करताना जेवढं बोलायला हवं होतं त्याहून चार वाक्यं जास्त बोलले. पिशवी परत केल्याने माणसाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या चार वाक्यांनी.

पिशवी चांगली मोठी होती. तांदूळ, डाळ, तेल, साखर, आणि सगळ्यांत वर ताज्या भाज्या. त्यांतही कोथिंबिरीची जुडी अशी खोचलेली, की येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरावी. साडूंचं किराणा मालाचं मोठं दुकान होतं, दुकानामागे गोदाम होतं. शिल्लकराव ज्या पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते तो आठवड्यातून चारच दिवस चालायला लागला, पगारही त्याच मापाने आखडला, आणि तेव्हापासून साडू दर महिन्याला ही पिशवी घेऊन येत. इमारतीला लिफ्ट होती, तरी साडू जिन्याने येत आणि मजल्यामजल्यावर दम खायला थांबत. थांबले की भेटेल त्याला सांगत, "मेहुणीकडे चाललोय. जरा ओढाताण आहे त्यांची."

पहिल्यांदा पिशवी आली तेव्हा शिल्लकरावांनी ती घेतली. घेतली म्हणजे बायकोने घेतली, आणि हे आतल्या खोलीत स्टुलावर उभं राहून पंख्याचा स्क्रू आवळत राहिले. स्क्रू सैल नव्हता. दुसऱ्या वेळीही तोच स्क्रू त्यांनी आवळला. तिसऱ्या वेळी मात्र साडूंनी त्यांना दारातच गाठलं आणि शेजारच्या हेडमास्तरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "घ्या हो राव, लाजताय काय. तुम्ही म्हणजे मालाचे राखणदार. आता कारखान्यात मालच नाही म्हटल्यावर राखणार तरी काय?"

'शिल्लकराव' हे नाव त्यांना कारखान्यात पडलं होतं. कुणी काहीही मागायला आलं, की देण्याआधी "शिल्लक किती आहे ते बघतो" म्हणायची त्यांची सवय. नाव चिडवायचं होतं, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. तेव्हा राखणदार म्हटल्याचा राग नव्हता. राखायला काही उरलं नाही, हे जिन्यात उभं राहून ऐकावं लागलं, ते मात्र फार लागलं.

"माल मी पिकवीन," ते म्हणाले. इथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण ते पुढे म्हणाले, "या घरात यापुढे विकतची भाजी येणार नाही. लागेल ते आम्ही पिकवू. कमी पडलं तर मोकळ्या जागेत उगवतं ते आणू. आणि तुम्हालाच जेवायला बोलावू."

साडू हाडाचे दुकानदार. समोरच्याच्या तोंडून शब्द निघाला, की तो पुडीत बांधून टाकायची त्यांना सवय. म्हणाले, "ठरलं. दोन महिन्यांनी रविवारी येतो, तुमच्या मेहुणीलाही आणतो. जेवण धड मिळालं तर पिशवीचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही मिळालं तर हा हट्ट सोडायचा आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या गोदामात यायचं. मला तिथे माणूस हवाच आहे. घरचा असला की बरं, हवं ते बोलता येतं."

साडू गोदामातल्या माणसांना हवं ते कसं बोलतात, हे शिल्लकरावांनी एकदा कानांनी ऐकलं होतं. साडू गेले, दार लागलं, आणि आतून बायको बाहेर आली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ यातून वगळा. गॅलरीत तांदूळ पिकत नाही." ही सवलत शिल्लकरावांनी मोठ्या मनाने दिली. कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, "बाबा, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का?" तिला सवलत मिळाली नाही.

आता शिल्लकरावांच्या एका तत्त्वाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा सत्यानाश त्या तत्त्वाने केला. स्टोअरमध्ये नियम असा, की आधी आलेला माल आधी बाहेर जायचा. नवा माल कितीही चकाकत असो, जुना संपल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. रबरी वायसर असतील तर हा नियम फार चांगला. शिल्लकरावांनी तो लग्नानंतर लगेच फ्रिजला लावला. परिणामी त्या घरात आजवर कुणी ताजी भाजी खाल्ली नव्हती. ताजी यायची, पण तिच्या आधी आलेली सुकत पडलेली असायची. तिचा नंबर आधी. ती संपेपर्यंत ताजी सुकायची. म्हणजे फ्रिजमध्ये नेहमी ताजी भाजी असे आणि ताटात नेहमी कालपरवाची. कुणी एखादी जुडी फेकून दिली असती तर सगळी रांग एका जागेने पुढे सरकली असती. पण फेकणं हा शब्द शिल्लकरावांच्या स्टोअरमध्ये नव्हता.

बागेला गॅलरी निवडली. निवडली म्हणजे दुसरं काही नव्हतंच. पंप ज्या लाकडी खोक्यांतून यायचे ती मोडकी खोकी साहेबांच्या परवानगीने घरी आणली. मग माती आली, आणि मातीबरोबर सल्ले आले. सल्ल्याला भाडं पडत नाही. हेडमास्तर म्हणाले, "माती आधी उन्हात चांगली तापवा, किडे मरतात." सर्वांत वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "मातीला ऊन दाखवलंत तर जीव जाईल तिचा. अंधारात मुरवा." दोघांचंही मन राखायचं म्हणून शिल्लकरावांनी अर्धी माती गॅलरीत पसरली आणि अर्धी पलंगाखाली मुरवली. पलंगाखालच्या मातीतून मुंग्या निघाल्या. गॅलरीतल्या मातीवर त्यांनी पाणी मारलं, ते खोक्यांच्या फटींतून गळून खाली गेलं.

खालच्या मजल्यावर फोटोग्राफर राहत होता. घरातच स्टुडिओ. पासपोर्टच्या फोटोंना मागे लावायचा पांढरा पडदा तो धुऊन गॅलरीत वाळत घालायचा. त्या पडद्यावर मातीच्या पाण्याचे तपकिरी शिंतोडे उडाले ते त्याच्याही लक्षात आले नाहीत. लक्षात आले ते गिऱ्हाइकं भांडायला आल्यावर. एका गृहस्थाच्या फोटोत डोक्यामागे मोठा डाग आला, आणि परदेशी जायच्या कचेरीत त्याला विचारण्यात आलं, की हे शिंग आहे की काय. फोटोग्राफर वर आला. म्हणाला, "राव, तुम्ही भाजी पिकवा, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या गिऱ्हाइकांना शिंगं फोडू नका." शिल्लकरावांनी खोक्यांखाली परातीपासून टबापर्यंत घरातलं एकूण एक भांडं मांडलं. त्यानंतर आंघोळ करायची असली तर आधी टब रिकामा करावा लागे, आणि ते पाणी पुन्हा खोक्यांत घातलं जाई, कारण फेकायचं नाही.

पेरलं सगळंच. घेवड्याचे दाणे कबुतरांनी ज्या दिवशी पेरले त्याच दिवशी काढून नेले. टोमॅटो उंच वाढला, एवढा उंच की वाढण्यातच सगळा खर्च झाला आणि फळाला काही उरलं नाही. वांग्याने नुसती पानं दाखवली. आला तो मुळा. मुळा असा आला, की शिल्लकरावांचा ऊर भरून आला. दर आठवड्याला एक खोकं पेरायचं, म्हणजे दर आठवड्याला एक खोकं तयार, असा त्यांचा हिशोब होता आणि तो अगदी बरोबर होता.

फक्त पहिलं खोकं तयार झालं तेव्हा शिल्लकराव म्हणाले, "अजून जरा भरू दे." मुळा भरला. भरता भरता जून झाला. उपटला तेव्हा सुरी लागेना. तो दातांनी, डाळीत, वाफेवर, मिळेल त्या मार्गाने संपवता संपवता आठवडा गेला, आणि दुसऱ्या खोक्यातला कोवळा मुळा वाट पाहून पाहून जून झाला. मग तो काढला. तोवर तिसरा.

एक दिवस बायकोने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "अहो, ते शेवटचं खोकं बघा जरा. कसा कोवळा आलाय. आज तो काढते."

"आणि हा?"

"हा टाकून देऊ. एकदाच टाका. मग रोज कोवळा खाऊ."

शिल्लकराव तिच्याकडे असे बघत राहिले, की जणू तिने लेकीलाच टाकून द्यायला सांगितलंय. "आज हा टाकला, तर उद्या तो टाकशील," ते म्हणाले. "एकदा टाकायची सवय लागली की संसार बसतो."

"दातखीळ बसायची वेळ आलीय, संसाराचं काय घेऊन बसलात," असं म्हणून तिने सुरी पुन्हा उचलली. पण जून मुळाच चिरला. हट्टाला पेटलेल्या माणसाशी संसार करायचा तर दुसऱ्याला कुठेतरी सुरी चालू ठेवावीच लागते.

नुसत्या मुळ्यावर माणूस किती दिवस काढणार? लेकीने स्पष्ट सांगितलं, की कॉलेजात तिच्या बाकावर आता कुणी बसत नाही. तेव्हा शिल्लकरावांनी आपल्या चार वाक्यांतलं तिसरं, मोकळ्या जागेत उगवतं ते आणायचं, अमलात आणलं. कारखाना बंद असलेल्या दिवशी ते पिशवी घेऊन सार्वजनिक बागेत गेले. हिरवळीच्या कडेला घोळ माजली होती, कुंपणापाशी चाकवत कमरेएवढा आला होता. माणसं त्यावरून चालत होती आणि पुढच्या चौकात जाऊन पालेभाजी विकत घेत होती. जगाच्या या मूर्खपणाचा शिल्लकरावांना राग आला आणि त्या रागात त्यांनी पिशवी भरली.

वॉचमनने त्यांना उद्यान अधीक्षकांसमोर उभं केलं. अधीक्षकांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"काय काढलंत?"

"तण."

"कुणाला विचारून?"

"तण काढायला विचारावं लागतं?"

"बागेतलं तण बागेचं असतं."

इथे शिल्लकराव खुलले. हा विषय त्यांचा होता. "साहेब, मी स्टोअरचा माणूस आहे. जी वस्तू तुमच्या साठ्यात दाखवलेलीच नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही. दाखवा मला तुमच्या साठ्यात तण."

अधीक्षकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. म्हणाले, "तण काढायचं कंत्राट दिलंय. महिनाअखेर कंत्राटदार येणार, तण काढणार, मी ते बघणार, मग त्याचं बिल निघणार. तण नसलं तर तो काढणार काय आणि मी बघणार काय? आमच्या कामात ढवळाढवळ करताय तुम्ही."

"मग आता?"

"जिथलं तिथे परत लावून द्या."

"उपटलेलं तण? जगायचं नाही ते."

"जगण्याचं आम्ही बघू. तुम्ही लावा."

आणि भर दुपारी, वॉचमन डोक्यावर उभा असताना, शिल्लकराव गुडघ्यांवर बसले आणि घोळीचं एकेक रोप बोटांनी जमिनीत दाबू लागले. घोळ निदान जमिनीसरपट असते. चाकवत उभा राहीना. त्याला काडीचा टेकू द्यावा लागला. एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "राव, जरा डावीकडे सरकता का? फ्रेममध्ये येताय." खालच्या मजल्यावरचा फोटोग्राफर एका नव्या जोडप्याचे फोटो काढत होता. शिल्लकराव डावीकडे सरकले. अपमान गिळायचा असतो हे त्यांना माहीत होतं, पण तो गिळताना फ्रेमच्या बाहेर गिळायचा असतो हे त्या दिवशी कळलं.

दुसरा कुणी असता तर त्याने बागेकडे पुन्हा पाहिलं नसतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पुढच्या सुट्टीला शिल्लकराव पुन्हा तिथेच, अंगात इस्त्रीचा शर्ट घालून, रिकाम्या पिशवीसह फाटकाशी उभे. तिथे त्यांना कंत्राटदार भेटला.

"तण परत लावणारे ते तुम्हीच का?" कंत्राटदार म्हणाला. "या धंद्यात माझे केस पिकले, पण असा माणूस पाहिला नाही. तुम्हाला हवंय ना तण? मग मी काढल्यावर घ्या की. काढलेलं टाकायचं कुठे, हीच माझी डोकेदुखी आहे."

इथे कुणी म्हणेल, की साडूंची पिशवी नको आणि कंत्राटदाराचं तण चालतं का? चालतं. साडूंची पिशवी घेताना आपली अडचण दूर होत होती, इथे कंत्राटदाराची होत होती. हा फरक शिल्लकरावांनी बायकोला समजावून सांगितला. तिला तो समजला नाही, पण इमारतीच्या फाटकात टेम्पो येऊन उभा राहिला तेव्हा वाद घालायला वेळही राहिला नाही.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. टेम्पोने मागची फळी उघडली आणि अख्ख्या बागेचं तण पार्किंगमध्ये ओतून निघून गेला. ढीग पुरुषभर उंच. सेक्रेटरी धावत खाली आले. हे गृहस्थ झोपेतही इमारतीच्या नियमांत बोलत असा लौकिक होता.

"आवारात वाहनाशिवाय काहीही उभं करता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"हे उभं कुठे आहे? पडलेलं आहे," शिल्लकराव म्हणाले.

सेक्रेटरी नियम बघायला वर गेले आणि शिल्लकरावांनी भाजी काढायला सुरुवात केली. आता ढिगातून भाजी कुठून काढावी? शहाणा माणूस वरून काढेल. पण टेम्पोतून आधी जे उतरलं ते तळाला होतं, आणि आधी आलेला माल आधी बाहेर. शिल्लकराव पोटावर झोपले आणि तळातून ओढू लागले. तळातला माल चिकट झाला होता, त्याला वास येत होता, पण नंबर त्याचा होता. असं दोन दिवस चाललं. लेक म्हणाली, "बाबा, वर चांगली हिरवीगार घोळ आहे." शिल्लकराव म्हणाले, "तिचा नंबर आला की." तिसऱ्या दिवशी पोखरलेला ढीग तिरका झाला आणि सेक्रेटरींच्या स्कूटरवर बसला. वर नियम शोधत बसलेल्या सेक्रेटरींना खाली आल्यावर आधी स्कूटर शोधावी लागली.

हे सगळं लोकांनी सहन केलं असतं. पण त्या ढिगात गोगलगायी होत्या. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते खोटं नाही. दिवसभर त्या हललेल्या कुणी पाहिल्या नाहीत आणि सकाळी उठून बघावं तर भिंतीवर. पहिला मजला ओलांडून त्या फोटोग्राफरकडे शिरल्या, त्याच्या पडद्यावरून चंदेरी रेघा ओढत फिरल्या, तिथे खाण्यासारखं काही नाही असं पाहून वर आल्या. वर शिल्लकरावांची बाग होती. साडूंचा रविवार अगदी तोंडावर आलेला.

शिल्लकराव सकाळी दात घासत गॅलरीत गेले आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. कोवळा मुळा, जो या वेळी तरी साडूंच्या ताटात वेळेवर पडेल असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, त्याचा पाला गेला होता, शेंडा गेला होता, मातीत नुसती भोकं उरली होती. त्याच्या पलीकडच्या खोक्यातली कालपरवा उगवलेली रोपं गेली होती. फुलावर आलेल्या जुन्या मुळ्यांना चार कोवळ्या शेंगा धरल्या होत्या, त्याही गेल्या. उरलं होतं ते सगळ्यांत जुनं खोकं. त्यातल्या लाकडासारख्या मुळ्यांना एकाही गोगलगायीने तोंड लावलं नव्हतं.

"त्यांनी नवा माल आधी उचलला," शिल्लकराव म्हणाले. आयुष्यभर ज्या नियमाने वागलो तो जगात कुणीच पाळत नाही, गोगलगायसुद्धा नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि फार एकटं वाटलं.

वरच्या मावशी म्हणाल्या, "काही लोक गोगलगायी खातात म्हणे." शिल्लकरावांचे डोळे क्षणभर चमकले. बायकोने हातातला झारा नुसता ओट्यावर ठेवला. डोळे पुन्हा पूर्वीसारखे झाले.

शनिवारी संध्याकाळी फोटोग्राफर, सेक्रेटरी आणि हेडमास्तर असे तिघे मिळून आले. या तिघांनी आजवर एकत्र येऊन काही केलं नव्हतं. त्यांच्या हातात झाकलेली टोपली होती. फ्लॉवर, गाजरं, पालक, आणि मुळेसुद्धा, पांढरेशुभ्र, कोवळे.

"घ्या," हेडमास्तर म्हणाले. "साडूंना सांगा, गॅलरीत पिकवलंय. आम्ही तिघंही हो म्हणू."

"नियमात बसतं," सेक्रेटरी म्हणाले. "मी बघून आलोय."

"एकदाचं हे प्रकरण मिटू दे, राव," फोटोग्राफर हात जोडून म्हणाला. "भीक नको पण कुत्रं आवर अशी आमची गत झालीय."

टोपली खरोखर सुंदर होती. नुसतं हो म्हटलं असतं तर गोदाम टळत होतं. "तुमचे उपकार आहेत," शिल्लकराव म्हणाले, "पण हे दाखवून जिंकलो, तर साडूंचीच पिशवी घेतल्यासारखं होईल. फक्त आणणारे तुम्ही. उद्या जे पिकलंय तेच ताटात पडेल. मग जायचं तर जाईन गोदामात."

तिघे टोपलीसकट परत गेले. जिन्यात हेडमास्तर म्हणत होते, "गाढव आहे," पण ते जरा आदराने म्हटल्यासारखं वाटलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता ती काय बोलते म्हणून शिल्लकराव मान खाली घालून थांबले.

"तुम्हाला त्या गोदामात खरंच जायचं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काढा तो मुळा. सगळा काढा. आणि ढिगाच्या कडेला घोळ पुन्हा फुटलीय, ती वरवरून खुडून आणा. वरवरून, ऐकलंत ना?"

रविवारी सकाळपासून ती ओट्यापाशी होती. मुळ्याची जाड साल सोलून काढली, आतला गाभा चकत्या करून मिठात ठेवला, पिळला, वाफवला, डाळीत सोडला. साल टाकली नाही. ती बारीक चिरून तेलावर कुरकुरीत केली. पाल्याचे देठ ठेचून घोळीत घातले. एवढी मेहनत तिने लेकीच्या वाढदिवसालाही केली नव्हती. शिल्लकराव मध्येमध्ये चव घेत होते. चव लपून राहण्यासारखी नव्हती. मुळा तो मुळाच.

साडू आले. या वेळी लिफ्टने आले, आणि हातात पिशवी होतीच. ती त्यांनी दाराशी टेकवून ठेवली, म्हणाले, "असू दे. लागेलच." त्यांच्यामागे ताई, म्हणजे शिल्लकरावांची मोठी मेहुणी, नेहमीसारखी गप्प. साडू बोलत असताना मध्ये बोलायची तिची पद्धत नव्हती, आणि साडू सतत बोलत असल्यामुळे तिचा आवाज पुष्कळांनी ऐकलाच नव्हता.

पानं मांडली. साडूंनी डाळीतली एक चकती तोंडात घातली आणि चावायला लागले. चावत राहिले. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी घोटभर पाणी घेतलं, त्याच्या जोरावर ती चकती खाली उतरवली आणि ताट किंचित पुढे सरकवलं.

"राव, मी स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "हे माणसाच्या खाण्यालायक नाही. माझ्या गोदामातले हमालसुद्धा हे खाणार नाहीत. उद्या सकाळी या. दुकान उघडायच्या आधी यायचं, झाडून घ्यायचं असतं."

शिल्लकरावांनी हातातला घास खाली ठेवला. "मुळा जून आहे," ते म्हणाले. "मान्य आहे. चूक माझी आहे, मुळ्याची नाही. पण पिकवला मी, विकत नाही घेतला. जेवण धड झालं की नाही हे तुम्ही ठरवा, मी गोदामात येणार की नाही हे मी ठरवतो. मी येणार नाही."

"शब्द दिला होतात."

"दिला होता. मोडतो. तुमच्याकडे झाडून घेण्यापेक्षा शब्द मोडलेला बरा."

साडूंचा चेहरा लाल झाला. ते मेहुणीकडे वळले. "तू तरी समजाव याला. तुझ्याच घरात दोन महिने हा कचरा शिजतोय."

"शिजतोय खरा," शिल्लकरावांची बायको म्हणाली. "आणि मीच शिजवतेय. दात दुखतात, लेक चिडते, घराला वास येतो. मी रोज यांना बोलते. पण भाऊजी, तुमची पिशवी यायची ना, तेव्हा हे दोन दिवस ताटावरून मान वर करायचे नाहीत. तुमचा तांदूळ मऊ शिजायचा, आणि माझ्या घशाखाली उतरायचा नाही. हा मुळा चावताना त्रास होतो, पण हे समोर बसून भांडत तरी जेवतात. दाराशी ठेवलीय ती पिशवी जाताना घेऊन जा. पुढच्या वेळी यायचं तर रिकाम्या हाताने या. जेवायला घालू."

साडू उठायच्या बेतात होते, त्यांनी हात टेकला होता. तेवढ्यात ताईने आपलं ताट पुढे केलं. ते स्वच्छ झालं होतं. ती कधी जेवली ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला अजून वाढ गं," ती धाकट्या बहिणीला म्हणाली. "ती साल पण वाढ. आणि हे बघ, आमच्या घरी मी काय शिजवते ते ठरवायचा मला हक्क नाही. दुकानात जे खपत नाही ते आमच्या ताटात येतं. तुझ्याकडे मुळा का होईना, तुमचा आहे. भरपूर वाढ, मला घाई नाही."

साडूंनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती त्यांच्या देखत एवढं बोलल्याचं त्यांना आठवेना. शिल्लकराव स्वतः उठले, त्यांनी पातेलं आणलं आणि ताईच्या ताटात डाळ, मुळा, साल, सगळं शिगोशीग वाढलं. मग तेच पातेलं साडूंच्या ताटाजवळ धरून ते उभे राहिले. बायको जेवत असताना दुसऱ्याच्या घरून एकटं उठून जायचं कसं, हे साडूंना कळेना. त्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं. शिल्लकरावांनी वाढलं. साडूंनी चकती तोंडात घातली आणि ते चावायला लागले.